घरच्या कचेरीचें छापयंत्र

एकत्र कुटुंबांत दागिना घ्यावयाचा ठरला तर फारसा वाद होत नाहीं; परंतु यंत्र घ्यावयाचें म्हटलें कीं घरांतील प्रत्येकाला मत असतें. आमच्या घरीं लेझर प्रिंटरचा विषय निघाला तेव्हां याचा पुरेपूर अनुभव आला. छापणें, नक्कल काढणें आणि कागदाची प्रतिमा उतरवून संगणकांत घालणें हीं तीनहि कामें एकाच पेटींत करणारें जें यंत्र बाजारांत ‘ऑल-इन-वन’ या नांवानें मिळतें, त्याची ही हकीकत. चर्चा दोन महिने चालली. तिच्यांतून जें हातीं लागलें तें इतर घरांसहि उपयोगी पडेल असें वाटतें. कारण घरच्या घरीं लहानशी कचेरी थाटणारी मंडळी आतां प्रत्येक आळींत आहे, आणि दुकानदार पुढें करील तें यंत्र उचलून आणण्याची चाल फार.

आमचें घर औरंगपुऱ्यांतील जुनें, माडीचें. थोरली सूनबाई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठांत वकिली करते. सात वर्षें एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालीं काढल्यावर गेल्या वर्षीं तिनें स्वतःच्या नांवाची पाटी लाविली, आणि माडीवरची रस्त्याकडील खोली आम्हीं तिच्या कचेरीसाठीं रिकामी करून दिली. धाकटे बंधु विम्याचें काम करतात. त्यांचे अर्ज, दाखले, पावत्या यांना अंत नसतो. माझें स्वतःचें काम त्या मानानें किरकोळ. वडिलांनीं संस्कृत व्याकरणावर स्वहस्तें लिहिलेल्या अकरा वह्या मजजवळ आहेत. त्यांच्या पानांच्या कडा आतां बोट लागलें तरी तुटतात. त्यांच्या प्रतिमा करून ठेवाव्या, एवढीच माझी गरज.

आजवर हें सारें बाहेर होत असे. मजकूर मोबाइलवरून दुकानदाराकडे पाठवावयाचा, त्यानें तो आपल्या संगणकावर उतरवून छापावयाचा, आपण पैसे देऊन कागद घेऊन यावयाचें. पैशाच्या दृष्टीनें यांत तोटा नाहीं. ज्याच्याकडे दिवसाला हजारों पानें निघतात त्या दुकानाशीं घरचें यंत्र दरांत स्पर्धा करील अशा आशेनें कोणीं यंत्र घेऊं नये, हें आरंभींच सांगून टाकतों. आमच्यापुढील प्रश्न निराळा होता. एके दिवशीं सूनबाई दुकानांत उभी असतां तिची दृष्टि तेथील पडद्यावर गेली. तीन आठवड्यांपूर्वीं तिनें पाठविलेला घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा पक्षकारांच्या नांवांसह तसाच तेथें होता. त्याच्या शेजारीं कोणाचें आधारपत्र, कोणाचें मृत्युपत्र, कोणाच्या मुलीचें वैद्यकीय प्रमाणपत्र. दुकानदार भला माणूस. त्याच्या मनांत पाप नव्हतें. पुसून टाकावयास त्याला सवड नव्हती, इतकेंच.

रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें हें सांगितलें तेव्हां तिचा स्वर नेहमींचा नव्हता. “बाबा, ती बाई माझ्यासमोर बसून रडली होती. तिच्या आईलाहि जें ठाऊक नाहीं तें तिनें मला सांगितलें, आणि तें त्या पडद्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतें.” पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें उघड करूं नये हा दंडक जुन्या पुराव्याच्या कायद्यांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमांतहि तो आहे. वकील बोलणार नाहीं हें खरें. परंतु कागदालाच तोंड फुटलें तर? आधारपत्राविषयीं सरकारी सूचनाच आहे कीं, तें सार्वजनिक संगणकावर उतरवूं नये, आणि उतरविल्यास तेथील प्रती कायमच्या पुसून टाकाव्या. ही सूचना किती लोक पाळतात हें कोणत्याहि झेरॉक्सच्या दुकानांत पांच मिनिटें उभें राहिल्यास दिसेल.

यंत्र घ्यावयाचें हें त्या रात्रींच ठरलें. कोणतें घ्यावयाचें, यावर मात्र चार पक्ष झाले. बंधूंना रंगीत शाईच्या टाकीचें यंत्र हवें होतें. माझ्या मुलाचें म्हणणें असें कीं, नुसतें छापणारें स्वस्त यंत्र पुरे. कागदाच्या प्रतिमा मोबाइलनेंहि घेतां येतात. सूनबाई म्हणाली, “वर्षभर थांबूं या. माझी मिळकत नीट सुरू झाली म्हणजे मीच घेईन.” आणि आमच्या सौ.नीं विचारलें, “तें ठेवणार कोठें, आणि त्यावरची धूळ पुसणार कोण?” हा चवथा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, त्याकडे पुढें येतों.

वाद मिटविण्याचा शाळामास्तरी उपाय एकच, तो म्हणजे मोजदाद. जिन्याशेजारीं मीं एक वही टांगली आणि घरांतील ज्यानें त्यानें बाहेरून जें जें छापून आणलें, ज्याची नक्कल काढली, ज्याची प्रतिमा करविली, तें तें तींत लिहावें असा नियम केला. महिनाअखेर बेरीज केली ती अशी: छापलेलीं पानें ४३८, त्यांपैकीं रंगीत ११, नकला १५२, प्रतिमा केलेलीं पानें २७०. अकरा रंगीत पानांपैकीं सात नातवाच्या शाळेच्या प्रकल्पाचीं होतीं. बंधूंनीं ती बेरीज दोनदां तपासली आणि रंगाचा हट्ट आपण होऊन सोडला. मुलाच्या मताचाहि निकाल तींतच होता. पावणेतीनशें पानें मोबाइल हातांत धरून, प्रत्येक पानावरची सांवली चुकवीत उतरविणें हें कोणाहि वकिलाचें काम नव्हे.

ज्याला यंत्र घ्यावयाचें आहे त्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं अशी एक वही महिनाभर अवश्य टांगावी. विक्रीच्या पत्रकांत महिन्याला दहा हजार, वीस हजार पानांची ताकद मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. तो आंकडा म्हणजे यंत्र एखाद्या महिन्यांत फार तर किती भार सोसेल याचा. रोजच्या आहाराचा नव्हे. ‘शिफारस केलेलीं मासिक पानें’ असा दुसरा, पुष्कळ लहान आंकडा बारीक अक्षरांत असतो. आपल्या वहींतील बेरीज त्याच्याशीं ताडून पाहावी.

शाई कीं लेझर हें ठरविण्यास दोहोंची घडण ठाऊक पाहिजे. शाईच्या यंत्रांत पातळ रंग केसाहून बारीक छिद्रांतून कागदावर उडविला जातो. रंग सुंदर येतात, आणि टाकीच्या यंत्रांत पानामागें खर्चहि फार थोडा येतो. ज्या घरीं रोज छापणें असेल तेथें तें यंत्र चांगलेंच. पण आठ-पंधरा दिवस तें स्वस्थ बसलें तर शाई छिद्रांत वाळते. आमच्या शहरांत वैशाखांत पारा चाळिशीच्या वर चढतो, आणि न्यायालयाच्या सुट्ट्याहि नेमक्या त्याच दिवसांत. शिवाय ही शाई बहुधा पाण्याची असते. श्रावणांत भिजल्या हातानें कागदपत्रांची फाईल उघडली कीं अक्षर पसरण्याचें भय.

लेझर यंत्रांत शाई नसतेच. कोरड्या हिवाळ्यांत केसांवर घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे उडतात, हा प्रयोग मीं वर्गांत कितीदां तरी करून दाखविला आहे. यंत्राचें मर्म तेंच. आंत एक लंबगोल नळकांडें असतें, त्याला ड्रम म्हणतात. अंधारांत त्याच्या सर्वांगावर विजेचा भार चढवितात. मग लेझरचा किरण त्यावरून फिरतो, आणि जेथें जेथें प्रकाश पडेल तेथला भार उतरतो. अशा रीतीनें अक्षरें प्रथम विजेनें लिहिलीं जातात. तीं डोळ्यांना दिसत नाहींत. काळी पूड त्या जागींच चिकटते, ड्रमवरून कागदावर ओढली जाते, आणि दोनशें अंशांच्या आसपास तापलेल्या रुळांखालून जातांना वितळून कागदाला कायमची धरते. या पुडीला टोनर म्हणतात. तींत रंग म्हणून असतें तें काजळच, फक्त कारखान्यांत केलेलें. आमचे पोथी लिहिणारे काजळ डिंकांत खलीत. येथें डिंकाच्या जागीं वितळणारें प्लास्टिक आहे, इतकाच फरक.

मुंबईंत १८३१ सालीं गणपत कृष्णाजींनीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें तेव्हां शाईंत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवेना, आणि त्यांनीं तुपाची शाई तयार केली, असें सांगतात. आजच्या पुडीवर सोवळ्याचा आक्षेप कोणी घेतलेला ऐकिवांत नाहीं. तिचा दोष दुसरा आहे. लेझरनें छापलेला कागद मऊ प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांत घालून वर्षानुवर्षें दाबून ठेवला तर अक्षरें त्या पाकिटाला चिकटतात. महत्त्वाचे कागद जाड कागदी पाकिटांत ठेवावे. मूळ खरेदीखतें घरोघरीं अशाच प्लास्टिकांत जपून ठेवलेलीं मीं पाहतों, म्हणून मुद्दाम लिहिलें.

ही विजेची युक्ति ज्यानें शोधिली तो चेस्टर कार्लसनहि नकला करून करून त्रासलेलाच गृहस्थ. न्यूयॉर्कमध्यें एका कंपनीच्या पेटंट-विभागांत तो काम करी. तेथें मसुद्यांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सदा लागत. दृष्टि अधू आणि सांधे दुखरे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं अॅस्टोरिया येथील एका भाड्याच्या खोलींत त्यानें गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानें घासून त्यावर पहिली नक्कल उठविली. त्या दिवसाची तारीख आणि त्या जागेचें नांव, एवढाच तिचा मजकूर होता. पुढें वीसाहून अधिक कंपन्यांनीं त्याला परत पाठविलें. १९५९ सालीं ‘झेरॉक्स ९१४’ हें यंत्र बाजारांत आलें, तें जवळजवळ तीनशें किलो वजनाचें. त्याच कंपनींतील गॅरी स्टार्कवेदर यानें नक्कलयंत्राच्या ड्रमवर मूळ कागदाच्या प्रकाशाऐवजीं लेझरचा किरण फिरविला, आणि १९७१ च्या सुमारास पहिलें लेझर छापयंत्र चालूं झालें. म्हणजे छापयंत्र हें नक्कलयंत्राचें अपत्य. आजच्या ऑल-इन-वन पेटींत मायलेकरें पुन्हां एका छपराखालीं आलीं आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं, आणि त्या छपराचें वजन दहा-बारा किलोंवर आलें आहे.

एक अडचण मात्र या एकत्र कुटुंबालाहि आहे. तिघांपैकीं एक आजारी पडला कीं दुरुस्तीला तिघांनाहि जावें लागतें. म्हणून घेतांना दुरुस्ती करणारा मनुष्य घरीं येतो कीं यंत्र त्याच्याकडे न्यावें लागतें, हें आधीं विचारावें.

आतां कागदाकडे वळूं. सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०२० पासून ए-४ मापाचा, दोन्ही बाजूंनीं छापलेला कागद घेण्यास आरंभ केला. मुंबई उच्च न्यायालयानेंहि पुढें ए-४ ला मान्यता दिली. त्यामुळें कागद आपोआप उलटून दोन्ही बाजूंनीं छापणारें यंत्र ही वकिलाच्या घरीं चैन राहिलेली नाहीं. परंतु जुने निकाल, खतें आणि मुद्रांकाचे कागद लांब, ‘लीगल’ मापाचे. लहान यंत्रांची कांच बहुधा ए-४ एवढीच असते. लांब कागद वरच्या फीडरमधून घालावा लागतो, आणि तो फीडर लीगल कागद घेतो कीं नाहीं हें पत्रकांत शोधून काढावें लागतें. त्यांतहि एक खोंच आहे. अमेरिकन लीगल कागद ३५६ मिलिमीटर लांब, तर आपल्याकडील ३४५. कित्येक यंत्रांच्या यादींत ‘लीगल’ आणि ‘इंडियन लीगल’ अशीं दोन नांवें असतात. पहिलें निवडलें कीं पानाखालची ओळ कागदाबाहेर जाते, आणि लोक यंत्राला दोष देतात.

ए-४ कागदाचें मला मात्र भारी कौतुक. २१० रुंद, २९७ लांब. दोहोंचें प्रमाण ९९ ला ७०. हें दोनाच्या वर्गमुळाच्या इतकें जवळ आहे कीं कागद मधोमध दुमडला तरी आकार तोच राहतो, आणि म्हणून दोन पानें लहान करून एका पानावर बरोबर बसतात. वर्गाच्या दुप्पट क्षेत्राच्या वर्गाची बाजू म्हणजे द्विकरणी. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत तिचें मान सांगितलें आहे, तें ५७७ ला ४०८ असें निघतें. यज्ञवेदीसाठीं काढलेला हिशोब सूनबाईच्या कैफियतीला उपयोगी पडतो हें पाहून मौज वाटते. गृहिणींना याचा एक व्यावहारिक फायदाहि सांगतों. ए-४ चे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर. तेव्हां ८० जीएसएमचा एक कागद पांच ग्रॅमचा, आणि पांचशें कागदांचें रिम अडीच किलोंचें. ७० जीएसएमचें सव्वादोन किलोंना थोडें कमी. रिमावर छापलेला आंकडा खरा कीं खोटा हें स्वयंपाकघरांतील कांट्यावर कळतें. आमच्या जिल्ह्यांत दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यास शतकानुशतकें हातकागद होत आला आहे. तो बोरूसाठीं उत्तम. पण खरखरीत हातकागदाचे तंतु सुटतात, म्हणून लेझर यंत्रांत तो घालूं नये.

प्रतिमा उतरविण्याच्या भागाकडे गिऱ्हाइकाचें लक्ष सहसा जात नाहीं. माझ्या मतें परीक्षा तेथेंच करावी. आम्ही दुकानांत जातांना तीन कागद बरोबर नेले: पुसट झालेला सातबाराचा उतारा, वडिलांच्या एका वहींतील सुटें झालेलें पान, आणि सूनबाईच्या एका पक्षकाराच्या परवानगीनें निजामाच्या अमदानींतील जमिनीच्या एका उर्दू कागदाची नक्कल. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानांत होता, त्यामुळें येथील जमिनीच्या वादांत उर्दू कागद अजून निघतात. उर्दूचा नुक्ता आणि मराठीचा अनुस्वार, दोन्ही टिंबेंच; पण टिंब गेलें कीं नांव बदलतें, आणि नांव बदललें कीं जमीन जाते. दुकानदारानें केवळ काळ्या-पांढऱ्या रीतीनें प्रतिमा काढून दाखविली तेव्हां तिन्ही कागदांवरचीं फिकट टिंबें नाहींशीं झालीं. त्याच यंत्रावर करड्या छटांच्या रीतीनें, इंचाला ३०० बिंदु ठेवून काढली, तों सर्व जागच्या जागीं. न्यायालयाच्या ई-फाइलिंगसाठींहि ३०० बिंदूंचीच सूचना असते. इंचाला ३०० म्हणजे चौरस इंचाला नव्वद हजार; मराठी जोडाक्षराला एवढें पुरतें. ६०० चा आग्रह धरला तर प्रतिमेंतील बिंदु चौपट होतात आणि ती पाठवितांना जीव जातो.

आणखी एक भेद येथें सांगावयाचा. लहान यंत्रांतील दृष्टि कांचेला अगदीं चिकटलेल्या वस्तूचीच स्पष्ट प्रतिमा घेते. कागद थोडा वर उचललेला राहिला कीं अक्षर धूसर होतें. म्हणून शिवलेल्या वहीची शिवणीजवळची बाजू नेहमीं पुसट येते. पोथीचीं पानें सुटीं असतात, तीं कांचेवर सपाट बसतात. पोथी न शिवणाऱ्या पूर्वजांनीं या यंत्राची सोय करून ठेविली होती असें मीं विनोदानें म्हटलें, तें नातवाला पटलें. जीर्ण कागद मात्र फीडरमध्यें कधींहि घालूं नये, मग तो किती का सुटा असेना. तेथें रबरी चाकें तो ओढतात आणि फाटला तर तो पुन्हां मिळत नाहीं.

खर्चाचा विचार यंत्राच्या किंमतीवरून करूं नये. यंत्राबरोबर येणारी टोनरची पहिली पेटी पुष्कळदां अर्धीमुर्धी भरलेली असते. बाहेर विकत मिळणाऱ्या पेटीवर पानांचा जो आंकडा असतो, तो पानाचा सुमारें विसावा हिस्सा काळा होईल असें धरून काढलेला. दाट टंकलेल्या पानांना तेवढीं पानें निघणार नाहींत. कांहीं यंत्रांत ड्रम आणि टोनर एकाच पेटींत, तर कांहींत निराळे. निराळे असले कीं टोनर स्वस्त पडतो आणि ड्रम हजारों पानांनीं एकदां बदलावा लागतो; एकत्र असले कीं दर वेळीं नवा ड्रम मिळतो, पण पेटी महाग. आम्हीं निराळे असलेलें घेतलें, कारण बेरीज तीन वर्षांची धरली. दुसऱ्याची पेटी लावली तर चालावयास नकार देणारीं, किंवा सदा इंटरनेटला जोडलेलीं असावीं अशी अट घालणारीं यंत्रेंहि बाजारांत आहेत; स्वस्त किंमतीचें कारण कित्येकदां हेंच असतें. छापण्यापुरता संबंध आम्हीं संगणकाशीं तारेनें जोडला आहे. ज्या कारणासाठीं यंत्र घेतलें तें लक्षांत घेतां मला तार बरी वाटते.

शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें तेव्हां बंधूंकडे जुन्या नांवाचे छापील लेटरहेड आठशें उरले होते. त्यांच्या पाठीवर नातू अजून गणितें करतो. आतां मथळा पत्राबरोबरच छापला जातो, आणि लागेल तेवढाच.

सौ.च्या प्रश्नाचें उत्तर अखेर विजेनें दिलें. कागद तापविणारे रूळ चालूं होतांना हें यंत्र क्षणभर इस्त्रीइतकी, हजार वॅटच्या आसपास वीज ओढतें; खोलींतील दिवा लवतो तो त्यामुळें. म्हणून तें घरच्या इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर जोडूं नये, भिंतींतील स्वतंत्र जोडणीवर जोडावें. तशी जोडणी माडीवर खिडकीपासून दूरच्या भिंतीवरच होती. तेथें रस्त्याची धूळ कमी येते, वारा मात्र खेळतो. छापतांना निघणारा वास आणि सूक्ष्म कण यांच्यासाठीं वारा हवाच. वर झांकावयास सौ.नीं जुन्या लुगड्याचें आवरण शिवलें आहे. यंत्र थंड झाल्यावरच तें घालावयाचें, असा तिचाच नियम. टोनर सांडला तर ओल्या थंड फडक्यानें टिपावा. गरम पाणी लावलें कीं प्लास्टिक वितळून डाग कायमचा बसतो. कपड्यावर पडल्यास आधीं झटकावा, मग थंड पाण्यानें धुवावा.

राहिला पैशाचा प्रश्न. सूनबाई शेवटपर्यंत म्हणत होती कीं यंत्र तिच्या व्यवसायाचें, तेव्हां सामायिक पैशांतून तें घेणें तिला अवघड वाटतें. जिन्याजवळची वही तिच्यापुढें ठेवली. ४३८ पैकीं तिचीं पानें अडीचशेंच्या आंत होतीं. उरलेलीं विम्याचीं, शाळेचीं, औषधांच्या चिठ्ठ्यांचीं, आणि सौ.च्या भिशीच्या यादीचीं. “हें यंत्र तुझें एकटीचें असतें तर त्याला कुलूप लावावें लागलें असतें,” असें सौ. म्हणाली, आणि वाद तेथें संपला. कुलूप मात्र आम्हीं निराळ्या ठिकाणीं लाविलें आहे. तिच्या पक्षकारांचे कागद तिच्याच संगणकावरून छापावयाचे. आणि बिघडलेला छापील कागद रद्दीच्या गठ्ठ्यांत न टाकतां फाडून बंबांत घालावयाचा.

त्या घटस्फोटाच्या अर्जाचा अंतिम मसुदा माडीवर छापला गेला. सूनबाईनें पानें मोजून टोचलीं, आणि ती बाई सही करावयास आली तेव्हां माडीचें दार लोटून घेतलें. दुकानांतील जुना मसुदा तिनें स्वतः जाऊन, दुकानदाराच्या समक्ष पुसविला.

माझ्या अकरापैकीं तीन वह्या झाल्या. वडिलांचे अनुस्वार एकूणएक उतरले आहेत. चवथ्या वहीची शिवण फार घट्ट आहे, आणि ती उसवण्यास सौ.ची परवानगी अद्याप मिळालेली नाहीं.